दार लावलं की बिघडणारं सेंटर लॉक : सोळा वर्षांच्या एका गाडीचं प्रकरण

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडहून एका काकूंचा फोन आला. त्यांनी थेट विचारलं, "सेंटर लॉक काढून टाकायचं काय घ्याल?" दुरुस्ती नको होती, ते काढूनच टाकायचं होतं. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी मे महिन्यातला प्रसंग सांगितला. तो ऐकून मी पैशांचं बोलणं बाजूला ठेवलं आणि त्यांना वॉचमनच्या हातात फोन द्यायला लावला. डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला लाल वायरवर एक काळी डबी असते, तिच्यातला फ्यूज त्याच्याकडून काढून घेतला. तो निघाला की चारही दारं साधी होतात. हाताने लावायची, हाताने उघडायची. गाडी माझ्यापर्यंत येईस्तोवर तेवढं पुरेसं होतं.

मे महिन्यात झालं ते असं. काकांच्या डाव्या अंगावरून दोन वर्षांपूर्वी वारं गेलेलं. आठवड्यातून तीनदा व्यायामोपचारासाठी काकूच त्यांना घेऊन जातात. एका दुपारी परत आल्यावर काका पुढे डावीकडे बसलेले, इंजिन चालू, एसी चालू. काकू सोसायटीचं फाटक उघडायला उतरल्या, त्यांनी आपल्या बाजूचं दार लावलं आणि चारही दारं खट् करून लॉक झाली. किल्ली आत लटकत होती. त्याच जुडग्यात घराची किल्ली, आणि गाडीची दुसरी किल्ली घरातल्या कपाटात. काकांच्या दाराचं बटण त्यांच्या डाव्या खांद्याच्या मागे. डावा हात उचलत नाही, उजवा तिथवर पोचत नाही. शेजारच्यांकडे घराची एक किल्ली ठेवलेली असते, पण शेजारी बाहेर गेलेले. ते येईपर्यंत पंचवीस मिनिटं गेली. एसी चालू राहिला म्हणून काही झालं नाही. काकू शांतपणे सांगत होत्या, पण "ते आतून माझ्याकडे बघत होते" इथे त्या थांबल्या.

गाडीत अडकणं म्हटलं की माझ्या पिढीच्या गॅरेजवाल्यांना २६ जुलै २००५ आठवतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत पाण्यात थांबलेल्या गाड्यांची दारं-काचा न उघडल्याने माणसं आतच गेली. म्हणून "सेंटर लॉक कधी कधी नाटक करतं" असं कुणी हसत सांगितलं तरी मी ते हसण्यावारी नेत नाही. ज्या गाडीत हात न चालणारा माणूस बसतो, तिथे तर नाहीच नाही.

गाडी २००८ ची, पाच दारांची छोटी पेट्रोल गाडी. पंधरा वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०२३ मध्ये, काकूंनी पाच हजार शुल्क भरून तिची पुन्हा पाच वर्षांसाठी नोंदणी करून घेतली होती. ती अजून वापरायची होती. सेंटर लॉक कंपनीचं नव्हतं. गाडी नवीन असताना बाहेरून बसवून घेतलेलं किट होतं. त्या काळच्या खालच्या मॉडेलमध्ये हे सर्रास असायचं.

माझ्याआधी दोन ठिकाणी काम झालं होतं. पहिल्या गॅरेजने ड्रायव्हरच्या दारातली लॉकची मोटर बदलली. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा तेच. दुसऱ्याने कंट्रोल बॉक्स बदलला आणि मागच्या डाव्या दाराची मोटरही बदलली, कारण ते दार अर्धवटच लॉक व्हायचं. चार हजार तीनशे रुपये गेले आणि तक्रार जागच्या जागी. दोघांनीही जे केलं ते समोर दिसलं त्यावरून केलं. त्यांना दोष का दिसला नाही, हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

कॅलेंडरच्या मागचं पान

काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. गाडी आणली तेव्हा त्यांनी कॅलेंडरचं एक फाडलेलं पान माझ्यासमोर ठेवलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने अकरा नोंदी: तारीख, वेळ, पाऊस होता का, काय झालं. आधीच्या कुणी हे पान मागितलं नव्हतं, म्हणून त्यांनीही दाखवलं नव्हतं.

मी ते पान दोनदा वाचलं. सहा वेळा लॉक केलेली दारं आपोआप उघडली होती. एकदा, मे महिन्यात, आपोआप लागली. दोनदा किल्ली फिरवूनही फक्त ड्रायव्हरचं दार लागलं, बाकीची हललीच नाहीत. दोन नोंदी रात्रीच्या: पाऊस पडत असताना उभ्या गाडीतून खट्-खट् आवाज येतो, असं वॉचमनने सांगितलं होतं. बघितलं तर सगळा गोंधळ. कधी उघडतं, कधी लागतं, कधी काहीच होत नाही. असा गोंधळ दिसला की हात कंट्रोल बॉक्सकडेच जातो, कारण सगळं तिथूनच चालतं. माझाही गेला असता.

पण त्या सातही उघडण्या-लागण्याच्या नोंदींत काकूंनी एक शब्द न चुकता लिहिला होता: "दार लावल्यावर". किल्ली फिरवल्यावर नव्हे, बटण दाबल्यावर नव्हे. मी विचारलं, "कुठलं दार, काकू?" त्या म्हणाल्या, "अहो, माझंच. मागची दारं लावली तेव्हा काही झाल्याचं मला आठवत नाही."

इथे पहिला धागा हाती लागला. बॉक्सला कुठलं दार बंद झालं ते कळत नाही. ड्रायव्हरचं दार हलल्यावरच गडबड होत असेल, तर दोष त्या दारात किंवा त्या दाराच्या वाटेत असणार.

किट काम कसं करतं

पुढचं समजायला एवढं हवं. अशा किटमध्ये ड्रायव्हरच्या दारातली मोटर पाच वायरची असते, तिला आम्ही मास्टर म्हणतो. बाकी दारांच्या मोटरी दोन वायरच्या. दोन वायर मोटर फिरवतात: एकीला बारा व्होल्ट आणि दुसरीला अर्थ (बॅटरीचं ऋण टोक, म्हणजेच गाडीचा पत्रा) दिला की दांडी बाहेर येते, उलट दिलं की आत जाते. मास्टरच्या उरलेल्या तीन वायर म्हणजे तिच्या पोटातलं बटण. एक अर्थची, एक लावण्याची, एक उघडण्याची. किल्ली फिरवली की लॉकची सळई दांडीला ढकलते आणि आतलं बटण लावण्याची वायर अर्थला टेकवतं. बॉक्सला तो इशारा मिळाला की तो सगळ्या मोटरींना एक सेकंदही पुरा न भरणारा झटका देतो. बस.

म्हणजे बॉक्सला एवढंच कळतं, की अमुक वायर अर्थला टेकली. ती बटणाने टेकवली की तुटक्या आवरणातून दाराच्या पत्र्याला लागली, यातला फरक त्याला कळायचं काही साधन नाही.

या गाडीत निळी-हिरवी मोटरच्या, काळी अर्थची, पांढरी उघडण्याची आणि तपकिरी लावण्याची. पुष्कळ किटमध्ये हेच पाच रंग दिसतात, पण पांढरी-तपकिरीची कामं अदलाबदल झालेलीही असतात. रंगावर विसंबू नये. वायर अर्थला टेकवून काय होतं ते पाहावं.

तपासणी

फ्यूज परत लावला. दाराचं ट्रिम (आतल्या बाजूचं झाकण) काढलं, म्हणजे हँडलमागचा स्क्रू, आर्मरेस्टचे दोन, काचेच्या हँडलची क्लिप फडक्याने ओढून, मग खालच्या क्लिपा. दार सताड उघडं ठेवून मी लॉकचं बटण वीस वेळा दाबलं-ओढलं. वीसही वेळा चारही दारं नीट चालली. ट्रिम काढून, दार उघडं टाकून, वाकून काम करणाऱ्या कुणालाही हेच दिसणार. नवी मोटर लावून आधीच्यांनीही असंच तपासलं असणार आणि गाडी बरी झाली असं त्यांना प्रामाणिकपणे वाटलं असणार.

मग काच खाली घेऊन मी आत बसलो आणि दार लावलं. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा जरा जोरात लावलं आणि खट्, चारही दारं लॉक. माझ्याकडे शिकायला असलेला पोरगा बाहेर उभा होता, त्याने उडीच मारली. मी त्याला म्हटलं, आता हे "होतं" यावर थांबायचं नाही, हे कुठल्या वायरमुळे होतं ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी दोन्ही टोकं मोकळी केली. आधी फ्यूज काढला, कारण चालू वायरवर मीटरचा बझर, म्हणजे दोन टोकं जोडलेली असली की वाजणारी शिट्टी, लावायचा नसतो. डॅशखाली कंट्रोल बॉक्सचं सॉकेट सुटं केलं, दारात मास्टरचं सॉकेट सुटं केलं. आता पांढरी वायर दोन्हीकडे कशालाच जोडलेली नाही. ती अर्थला लागायला वाटेत काही कारणच नाही. मीटर बझरवर ठेवून एक टोक पांढरीला, दुसरं गाडीच्या पत्र्याला. दार उघडं: शांत. पोराला सांगितलं, दार हळूहळू आण. अर्ध्यावर शांत. वीतभर उरलं तेव्हाही शांत. शेवटच्या चार बोटांत बझर वाजला, आणि दार बंद राहिलं तोवर वाजतच राहिला.

तपकिरी वायर तशी गप्प होती. पण दार जोरात आपटलं की क्षणभर टुक् करायची. सहा वेळा उघडणं आणि एकदाच लागणं, काकूंच्या पानावरचं हे प्रमाण तिथे मीटरवर ऐकू आलं.

काळी तपासताना बझर वेगळाच होता. दारातल्या टोकाला आणि डॅशखालच्या टोकाला मीटर लावला तर दार उघडं असताना वाजे, बंद करताना मधेच तुटे. म्हणजे अर्थच तुटायच्या बेतात. किल्ली फिरवून बाकी दारं हलली नाहीत त्या दोन नोंदी इथल्या. तीन तक्रारी, तीन वायर, जागा एकच: दार आणि ते ज्यावर बसतं तो गाडीचा खांब यांच्यामधली बिजागरीची बोटभर फट.

तिथे वायरींना सांभाळणारा रबरी बूट, म्हणजे लवचीक नळी, नव्हताच. किट बसवणाऱ्याने खांबाला भोक पाडून, त्याला रबरी रिंगही न घालता वायरचा जुडगा तसाच आत घेतला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. सोळा वर्षांत टेपचा गोंद वितळून टेप एका बाजूला सरकलेली. खालचं आवरण उघडं करून जुडगा ओढून घेतला. पांढरी वायर नखाएवढ्या लांबीत पूर्ण उघडी, तांबं भोकाच्या धारेवर घासून चकचकीत झालेलं. तपकिरीच्या आवरणाला उभी चीर. काळीचे बहुतेक केस, म्हणजे आतल्या तांब्याच्या बारीक तारा, तुटलेले, दोन-तीन शिल्लक.

यात नवल नाही. दिवसाला वीस वेळा दार उघडलं-लावलं असं धरलं तरी सोळा वर्षांत एक लाखाहून जास्त वेळा ती वायर एकाच जागी वाकली. उन्हाने आवरण कडक होतं, थंडीत ते तडकतं. साध्या किटची वायर मोजक्या, जाड केसांची असते, ती वाकणं सहन करत नाही. गाडीच्या कंपनीची वायर बारीक-बारीक पुष्कळ केसांची आणि बुटाच्या आत मोकळी सैल सोडलेली असते, म्हणून ती टिकते.

पावसाचंही उत्तर मिळालं. पुण्याचा पाऊस मुंबईसारखा कोसळून थांबत नाही, तो रिपरिपत राहतो. दाराची ती फट रात्रभर ओली राहते. उघड्या पांढरीवर आणि पत्र्यावर पाण्याचा थर येतो आणि जातो, बॉक्सला "उघड" असा इशारा पुन्हा पुन्हा मिळतो, वॉचमनला खट्-खट् ऐकू येतं.

आणि नवीन मोटर बसवूनही फरक का पडला नव्हता? नवी मोटर स्वतःच्या वीतभर वायरीसकट येते. ती दाराच्या पोटात जुन्या वायरला जोडतात. बिजागरीतला तुकडा होता तोच राहतो. आठवडाभर बरं चाललं ते केवळ काम करताना जुडगा हलून उघडी जागा पत्र्यापासून जरा दूर गेली म्हणून.

मागचं डावं दार

हे दार नेहमीच रडत लॉक व्हायचं. बटण अर्धं खाली जायचं आणि थांबायचं. मोटर नवी होती, तरी तसंच. इथे मी स्वतः अर्धा तास चुकीच्या वाटेने गेलो. लॅच, म्हणजे दाराची आतली कडी, सुकलंय असं धरून ते साफ केलं, ग्रीस लावलं. लॅच खरंच कोरडं होतं, हाताला फरक जाणवला, पण मोटर तशीच दमलेली.

मग वायर पाहिली. बॉक्सचा झटका सेकंदभराचाही नसतो, तेवढ्यात डिजिटल मीटरचा आकडा स्थिर होत नाही. म्हणून बॉक्स बाजूला ठेवला आणि बॅटरीवरून फ्यूज लावलेली एक वायर आणून डॅशखाली त्या दाराच्या हिरव्या वायरला सरळ बॅटरीचा पुरवठा दिला. दारातल्या टोकाला मीटर: १२.५ व्होल्ट. बॅटरीवर होते तेवढेच. पोरगा म्हणाला, "दादा, वायर तर ओके आहे."

याच वाक्यावर किती नव्या मोटरी, नवे बॉक्स विकले जात असतील. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरचा एक केस शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. वायर खरी कळते ती तिच्यावर ओझं टाकल्यावर. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब होल्डरसकट माझ्या डब्यात असतो, तो त्या टोकाला आणि पत्र्याला लावला. बल्ब पिवळा, मलूल. मीटर आता ८.१ दाखवत होता. पत्र्याची अर्थ खराब नाही ना, म्हणून बॅटरीच्या ऋण टोकावरून लांब वायर आणून बल्बची दुसरी बाजू तिला लावली. तोच प्रकार. म्हणजे व्होल्ट हिरव्या वायरमध्येच कुठेतरी सांडत होते.

सांडण्याची जागा शोधायला वायर अर्ध्यावर गाठायची. डाव्या बाजूची उंबऱ्याची पट्टी आणि गालिचा उचलला. खाली पाणी. गालिच्याखालचा फोम पिळला तर हातातून धार लागली. तिथेच मधल्या खांबाच्या पायाशी किटवाल्याचा जोड: दोन वायर पिळून वर टेप. बल्ब चालू ठेवूनच सुईने मोजलं. जोडाच्या अलीकडे १२.३, पलीकडे ८.२. बोटभर जागेत चार व्होल्ट गेले. टेप सोडली तर तांब्याऐवजी हिरवट भुकटी.

हिशेब सोपा आहे. तेवढ्या व्होल्टवर त्या बल्बमधून साधारण १.४ अँपिअर जातो, म्हणजे जोडाचा अडथळा तीन ओहमच्या आसपास. लॉकची मोटर दांडी ढकलताना अडली की चारएक अँपिअर मागते, म्हणजे तिचा स्वतःचा अडथळाही तेवढाच. दोघांत बारा व्होल्ट वाटले गेले की मोटरच्या वाट्याला सहा. निम्म्या व्होल्टवर ती निम्म्यापर्यंतच ढकलणार. या हिशेबावर पोराचा विश्वास बसेना, म्हणून मी त्याला तीच मोटर बॅटरीवर सरळ लावून दाखवली. दांडी इतक्या जोरात बाहेर आली की त्याच्या हातातून मोटर सुटली.

पाणी कुठून आलं ते पाहायला मागच्या दाराचं ट्रिम काढलं. काचेच्या फटीतून दाराच्या आत पाणी जाणं हे रोजचंच असतं. ते आतल्या पत्र्यावरून ओघळून खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. ते आत, माणसांच्या बाजूला येऊ नये म्हणून ट्रिममागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. या दारात तो कागद मोटर बदलताना मधोमध फाडलेला आणि तसाच मुडपून ट्रिममागे कोंबलेला. खालची भोकंही बुजलेली, मातीने आणि गुलमोहराच्या बारीक पानांनी. काकू गाडी गुलमोहराखाली लावतात. त्या झाडाची पानं तांदळाएवढी, ती काचेच्या फटीतून खाली पडतात आणि पहिल्या पावसात चिखलासारखी जमून बसतात. दार म्हणजे टाकी झाली होती. फाटक्या कागदातून ते पाणी उंबऱ्यावर, तिथून गालिच्याखाली.

तो कागद पुन्हा नीट चिकटवायला दहा मिनिटंही लागत नाहीत. दाराचं कुठलंही काम करून घेताना ट्रिम बसवायच्या आधी गाडीच्या मालकाने तो स्वतः पाहावा, आणि फाटला असेल तर तिथेच बोलावं. मला याचा राग येतो, कारण पुढे जे पाणी मुरतं त्याने उंबऱ्याचा पत्राच सडतो, आणि मग गाडी भंगारात जाते.

दुरुस्ती

नाना पेठेतून बिजागरीसाठी रबरी बूट आणि खांबाच्या भोकासाठी रिंग आणली. तापकीर गल्लीतून बारीक केसांची लवचीक वायर पाच रंगांत आणि उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. ड्रायव्हरच्या दाराचा बिजागरीतला तुकडा कापून टाकला. नवी वायर डॅशखालून दाराच्या पोटापर्यंत अखंड नेली, मधे एकही जोड नाही. जोड दोन्ही टोकांना, न वाकणाऱ्या जागी, आणि पाचही जोड एकाच ओळीत न येता मागेपुढे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती चांगले वायरमनही चुकतात. वाकणाऱ्या जागी सोल्डर मारायचं नाही. सोल्डर केसांमधून वर चढतं, वायर तिथे काडीसारखी ताठ होते आणि ताठ भाग संपतो तिथे काही महिन्यांत तुटते. सोल्डर स्थिर जागी ठीक. वाकणाऱ्या भागाजवळ जोड टाळताच येत नसेल तर दाबून बसवायचा लग, म्हणजे धातूची छोटी नळी, वापरावा. आमच्या जोडांना स्थिर जागी सोल्डर, वर स्लीव्ह. बुटाच्या आत वायरला थोडी ढील सोडली आणि दाराच्या आत गेल्यावर ती आधी खाली उतरवून मग वर नेली, म्हणजे पाणी वायरवरून ओघळत सॉकेटपर्यंत न जाता खालच्या वळणावरून टपकून जातं.

मागच्या दाराच्या जोडावर नुसतं घासून पुन्हा पिळून चाललं नसतं. हिरवा गंज आवरणाखालून आत चढत जातो. चांगलं लालसर तांबं दिसेपर्यंत दोन्हीकडून कापत गेलो, वीतभर वायर टाकून द्यावी लागली. नवा तुकडा घालून जोड जमिनीवरून उचलला आणि खांबाच्या आत वर नेऊन बांधला. निळ्या वायरचा जोडही तसाच केला. तो अजून वाईट झाला नव्हता, पण त्याच पाण्यात होता. गालिचा आणि फोम दोन दिवस पंख्याखाली. भोकं तारेने मोकळी केली. दोन्ही दारांना नवा प्लॅस्टिकचा कागद, कडेला चिकट पट्टीने सलग बंद. चारही लॅच साफ करून पांढरं लिथियम ग्रीस. लॉकमध्ये इंजिन ऑइल किंवा खोबरेल सोडायची सवय घरोघरी आहे. चार दिवस मऊ चालतं, मग त्यात धूळ बसून लेप होतो आणि मोटरला दुप्पट ढकलावं लागतं.

तपासणी या वेळी दार बंद करून. बझर पांढरीवर लावून पोराने ड्रायव्हरचं दार पन्नास वेळा लावलं, दहा वेळा मुद्दाम आपटून. शांत. मग तपकिरीवर पन्नास. शांत. सगळं जोडून बिजागरीवर पाण्याचा पाइप धरला. मागच्या डाव्या दारात बल्बवर आता १२.२ व्होल्ट, आणि बटण खाडकन खाली. दोन रात्री गाडी मुद्दाम शेडबाहेर पावसात ठेवली.

काकू गाडी न्यायला आल्या तेव्हा पिशवीतून त्यांनी जुना कंट्रोल बॉक्स आणि दोन जुन्या मोटरी काढल्या. "टाकून द्यायला जीव होईना," म्हणाल्या. मी ते तिथेच बाकावर बॅटरीला जोडलं. बॉक्स चालू, दोन्ही मोटरी चालू, दांड्या पूर्ण बाहेर-आत. काकू काही बोलल्या नाहीत, जुना बॉक्स पुन्हा पिशवीत ठेवला. मी सांगितलं की नवा बॉक्स चांगलाच आहे, राहू द्या, हा सांभाळून ठेवा. सामान आणि मजुरी मिळून त्यांचे अठराशे रुपये झाले. त्यात वायर, बूट, स्लीव्ह, ग्रीस, कागद हे सगळं चारशेच्या आत. बाकी दोन दिवसांचे हात.

मी मात्र एक अट घातली. गाडीची दुसरी किल्ली घरातल्या कपाटात नाही, काकूंच्या गळ्यातल्या किंवा पर्समधल्या दोरीला. घराची किल्ली वेगळ्या जुडग्यात. आणि काका आत असताना फाटक उघडायला उतरायचं झालं तर आपल्या बाजूची काच हातभर खाली. वायर नवी आहे म्हणून हे सोडायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि ती अट पेन्सिलीने त्याच पानावर लिहून घेतली.

ज्यांना आपल्या जुन्या गाडीत हे स्वतः पाहायचं आहे त्यांनी बल्ब लावून तपासायची पद्धत बाहेरून बसवलेल्या किटपुरतीच ठेवावी. नव्या गाड्यांत लॉक मुख्य कंप्युटरवरून चालतं, आणि पिवळ्या आवरणातल्या वायर एअरबॅगच्या असतात. तिथे बल्ब किंवा सुई लावायची नाही, म्हणजे नाहीच.

२४ जुलैच्या रात्री पुण्यात जो पाऊस लागला तो सगळ्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं. मी सकाळी साडेसातला न राहवून काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मी आधीच खाली जाऊन आले. वॉचमन म्हणाला, रात्रभर एकदाही आवाज नाही. गालिच्याखाली हात घालून बघितलं, कोरडा आहे."

मागच्या उजव्या दाराची वायर मात्र अजून जुनीच आहे. तिथेही बूट नाही, आवरण कडक झालंय, पण तांबं उघडं पडलेलं नाही. त्या दाराला इशाऱ्याच्या वायर नसतात. तिथे तुटलं तर ते एक दार लागणार नाही, आणि वायर पत्र्याला टेकली तर झटक्याच्या वेळी फ्यूज उडेल. काका त्या बाजूला बसत नाहीत. तरी दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण ओसरला की, गाडी एका दिवसासाठी पुन्हा बोलावली आहे. बूट आणून ठेवलाय.